मंदीत आरव्ही डीलर तगतात कसे? (दिराला पार्टनरशिपची ऑफर आलीय)

ओसरी
नमस्कार मंडळी. प्रश्न जरा आडवळणाचा आहे पण इथे अमेरिकेतले बरेच जण आहेत म्हणून विचारतेय.

माझा धाकटा दीर ओहायोत एका आरव्ही (म्हणजे फिरतं घर, इंजिनवालं मोटरहोम किंवा गाडीमागे ओढायचा ट्रेलर) डीलरकडे सर्व्हिस मॅनेजर आहे. मालक सत्तरीच्या पुढचे, मुलांपैकी कुणी धंद्यात यायला तयार नाही, म्हणून ते दिराला म्हणतायत की आत्ता तीस टक्के घे आणि बाकीचं हळूहळू विकत घे. दीर हवेत आहे. सासूबाईंचं "चांगली नोकरी काय वाईट होती" चालू आहे. नवरा "बघू".

मला कळत नाही ते असं की आरव्ही म्हणजे काही दूध-भाजी नाही, हात आखडला की माणूस आधी हेच रद्द करणार. कोविडमध्ये लोकांनी वेड्यासारखे घेतले आणि आता यांच्या लॉटवर ट्रेलरच्या रांगा उभ्या आहेत, मी स्वतः बघून आलेय. मग हे लोक मंदीत जगतात कसे? २००८ कुणी जवळून पाहिलंय का? "धंदा चांगला" किंवा "नको त्या भानगडीत" एवढंच नको, पैसा नक्की कुठून येतो आणि कुठे जातो ते सांगा.

रिकामटेकडी
मी पयली! चहा घेऊन बसलेय, येऊ द्या.

सुरवंट
नको त्या भानगडीत. (दिवे घ्या, गंमत करतोय.)

आता सविस्तर. या धंद्याचे आकडे बघितले तर घाटातला रस्ता आहे. इंडस्ट्री असोसिएशनच्या आकड्यांप्रमाणे २००६ साली कारखान्यांनी डीलर्सना ३ लाख ९० हजारांच्या आसपास गाड्या पाठवल्या, २००९ मध्ये १ लाख ६५ हजार. तीन वर्षांत निम्म्याहून खाली. नंतर चढत चढत २०१७ ला पाच लाखांच्या वर, २०२१ ला सहा लाख पार, आणि २०२३ ला परत ३ लाख १३ हजार. म्हणजे दोन वर्षांत पुन्हा जवळपास निम्मे, आणि गंमत म्हणजे २०२३ ला देशात अधिकृत मंदी नव्हतीच. ज्या धंद्याला मंदी यायला मंदीसुद्धा लागत नाही त्यात तीस टक्के कशाला घ्यायचे?

खटपट्या
सुरवंट, आरव्हीची विक्री पडली की मंदी येते असं म्हणतात ना पण? म्हणजे आरव्ही डीलर हा अर्थव्यवस्थेचा हवामान खात्यातला माणूस.

सुरवंट
म्हणतात. २००० ला आणि २००७ ला आधी आरव्ही पडले आणि मग मंदी आली, तेव्हापासून टीव्हीवाल्यांना सवय लागली. पण २०१८-१९ ला पडले तेव्हा पाठोपाठ आला तो कोविड, त्याचा अंदाज काय ट्रेलरने केला होता? आणि २०२२-२३ ला पडले त्यानंतर काहीच आलं नाही. हवामान खातंच ते.

जुनी_खोड
एल्कहार्टचं नाव अजून कुणी काढलं नाही म्हणून लिहितो. मी २००६ ते २०१० तिथे होतो, आरव्ही कारखान्यांना माल पुरवणाऱ्या एका कंपनीत प्लॅनिंगमध्ये. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, इंडियानाचा हा कोपरा म्हणजे या धंद्याचं माहेरघर, देशातले बहुतेक आरव्ही याच परिसरात बनतात.

२००८ च्या उन्हाळ्यात आधी पेट्रोल (तिकडे त्याला गॅस म्हणतात) गॅलनला चार डॉलरच्या वर गेलं. तेव्हा आम्ही म्हणायचो की गॅस उतरला की गिऱ्हाईक परत येईल. गॅस उतरला, गिऱ्हाईक नाही आलं, कारण तोपर्यंत कर्जच मिळेनासं झालं होतं. बऱ्याच जणांनी घरावरचं कर्ज वाढवून मोटरहोम घेतलेले असायचे आणि घराचीच किंमत गेली. २००९ च्या मार्चमध्ये तिथली बेरोजगारी २० टक्क्यांच्या आसपास पोचली होती, त्याच्या आधीच्या महिन्यात ओबामा स्वतः येऊन गेले. फ्लीटवूड आणि मोनॅको ह्या दोन मोठ्या कंपन्या त्याच मार्चमध्ये दिवाळखोरीत गेल्या.

आता डीलरच्या बाजूने बघा. कंपनी बुडाली म्हणजे तुमच्या लॉटवर उभ्या असलेल्या त्या कंपनीच्या पन्नास गाड्यांची वॉरंटी कोण देणार? गिऱ्हाईक दारात येऊन पहिला प्रश्न हाच विचारायचं. गाडी नवी कोरी, पण मागे कंपनी नाही. ती विकायची तर किंमत पाडायची आणि वरून स्वतःच्या खिशातून सर्व्हिस कॉन्ट्रॅक्ट द्यायचं. ओसरीताई, दिराला विचारा त्यांच्याकडे कुणाकुणाचे ब्रँड आहेत. तेव्हा कंपन्या पुष्कळ होत्या, आता बहुतेक सगळं थॉर, फॉरेस्ट रिव्हर आणि विनेबेगो या तिघांच्या खिशात आहे. त्यातली फॉरेस्ट रिव्हर बर्कशायर हॅथवेची, त्यामुळे रातोरात बुडायची भीती कमी, पण मग डीलरच्या हातात घासाघीस करायलाही काही उरत नाही.

ओसरी
जुनी_खोड, धन्यवाद, हेच हवं होतं. ब्रँड विचारते.

पाचवे_चाक
माझं नाव बघून कळलंच असेल, आमच्याकडे फिफ्थ व्हील (पिकअप ट्रकच्या पाठीवर जोडून ओढायचा मोठा ट्रेलर) आहे. २०२१ ला घेतला. तेव्हा डीलर म्हणाला की घ्यायचा तर लेबलवरच्या किमतीला घ्या, मागे तीन जण उभे आहेत. घेतला, वीस वर्षांचं कर्ज. आता विकायला काढला तर कर्ज शिल्लक आहे त्यापेक्षा ट्रेड-इनची (जुनी देऊन नवी घेतानाची) किंमत बरीच खाली. आता तोच डीलर फोन करतो, सर काही स्कीम आहे येऊन बघा. माझ्याकडे स्कीम नाहीये ना पण.

एकूण तुमच्या दिराच्या धंद्यातली नेहमीची गिऱ्हाइकं अशी अडकून पडलीयत. दर चार-पाच वर्षांनी मोठी गाडी घेणारा माणूस आता आहे तीच गाडी धरून बसतो.

रिकामटेकडी
>> माझ्याकडे स्कीम नाहीये ना पण
अगदी अगदी.

ताळेबंद
लांबलचक लिहितोय, आधीच माफी. मी काही वर्षं डीलर्सना स्टॉकवर कर्ज देणाऱ्या एका बँकेत होतो (नाव नको). सगळे गिऱ्हाईक येतं की नाही यावर बोलतायत. डीलर गिऱ्हाईक न आल्याने मरत नाही, लॉटवर उभ्या असलेल्या मालाने मरतो.

कसं ते बघा. डीलर गाडी स्वतःच्या पैशाने घेत नाही. कारखान्यातून ट्रेलर निघाला की बँक कारखान्याला पूर्ण इन्व्हॉइस भरते आणि डीलरच्या नावावर तेवढं कर्ज चढतं. याला फ्लोअर प्लॅन म्हणतात. गाडी विकली की लगेच, म्हणजे काही दिवसांत, त्या गाडीचे पैसे बँकेला फेडायचे. तोपर्यंत दर महिन्याला व्याज. व्याजाचा दर तरंगता असतो, फेडने (अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने) वाढवला की तुमचा वाढला.

आता धरा ४०,००० डॉलर इन्व्हॉइसचा ट्रेलर. साडेतीन टक्क्यांनी वर्षाचं व्याज १,४०० डॉलर, महिन्याला ११७. साडेआठ टक्क्यांनी वर्षाला ३,४००, महिन्याला २८३. असे शंभर ट्रेलर लॉटवर असले तर महिन्याला ११,७०० च्या जागी २८,३००. एकही जादा गाडी न मागवता, एकही जादा माणूस न ठेवता. २०२२ च्या मार्चपर्यंत फेडचा दर शून्याजवळ होता आणि २०२३ च्या जुलैला सव्वापाच-साडेपाचवर. म्हणजे डीलरच्या डोक्यावर हे बरोब्बर तेव्हा आलं जेव्हा लॉट काठोकाठ भरले होते.

यानंतर येतं कर्टेलमेंट. गाडी ठरावीक मुदतीत विकली नाही तर नुसतं व्याज चालत नाही, मुद्दलाचा तुकडा भरायला लागतो, मग काही महिन्यांनी अजून एक तुकडा. प्रत्येक बँकेची मुदत वेगळी. गाडी विकलेली नाही म्हणजे पैसे आलेले नाहीत, तरी भरायचे. रोकड इथे आटते.

बँक एवढी घाई का करते? कारण बऱ्याचदा कारखान्याचा बँकेशी करार असतो की डीलर बुडाला तर न वापरलेली नवी गाडी आम्ही परत घेऊ. ही हमी साधारण अठरा महिन्यांपर्यंतची असते. त्यानंतर ती गाडी बँकेच्या गळ्यात. म्हणून गाडी जुनी होत जाते तसा बँकेचा सूर बदलतो. ओसरी, दिराला सांगा नफ्यातोट्याचा कागद नंतर बघ, आधी स्टॉकची एजिंग लिस्ट माग. कुठला ट्रेलर किती दिवस उभा आहे, त्यावर किती कर्टेलमेंट भरून झालंय आणि आज तो ऑक्शनला नेला तर किती येतील. बास.

सुरवंट
ताळेबंद, चांगलं लिहिलंय, पण हे माझ्याच बाजूचं झालं की. नको त्या भानगडीत.

ताळेबंद
नाही. याच कारणाने काही डीलर मंदीत टिकतात. ज्याने ऑर्डर वेळेत थांबवली तो टिकतो. तुम्ही दिलेले आकडे कारखान्याकडून डीलरकडे गेलेल्या गाड्यांचे आहेत, गिऱ्हाइकाने घेतलेल्या गाड्यांचे नाहीत. २०२३ ला गिऱ्हाइकांची खरेदी त्या मानाने एवढी कोसळली नव्हती. डीलर्सनी नवा माल घेणं बंद केलं आणि लॉटवरचा विकत बसले. मार कारखान्यांनी खाल्ला. निम्म्यावर आलेला आकडा दिसतो तो बऱ्याच अंशी डीलर शहाणे झाल्याचा आहे.

जुनी_खोड
याला अनुमोदन. २००८ ला उलटं होतं, बँकाच पळून गेल्या. डीलर्सना स्टॉकवर कर्ज देणाऱ्या टेक्स्ट्रॉन फायनान्शियलने डिसेंबर २००८ ला जाहीर केलं की आम्ही या धंद्यातून बाहेर पडतोय. चांगले चालणारे डीलर, हप्ता कधी चुकला नाही, त्यांनाही सांगितलं दुसरी बँक शोधा. आणि दुसरी कुणी दारात उभं करेना. मग सरकारने जुलै २००९ मध्ये एसबीएकडून (छोट्या धंद्यांसाठीचं सरकारी खातं) फ्लोअर प्लॅनला ७५ टक्के हमी द्यायची योजना काढली, त्यात मोटारींबरोबर आरव्ही आणि बोटींचे डीलर पण होते. तोपर्यंत कितीतरी दुकानं बंद झाली होती.

फ्लोरिडातलं लेझीडेज म्हणजे तेव्हाचं अवाढव्य दुकान, तेही २००९ च्या नोव्हेंबरमध्ये चॅप्टर ११ मध्ये (धंदा चालू ठेवून करायची दिवाळखोरी) जाऊन आलं. कर्जाची फेररचना केली, दुकान चालूच राहिलं. मोठ्यांना असं करता येतं. ओहायोतल्या एका लॉटवाल्याला वकिलाची फी परवडत नाही.

खटपट्या
मला डीलर लोकांची कीव येत नाही, क्षमस्व. कोविडमध्ये यांनी काय केलं ते पाचवे_चाकने लिहिलंच आहे. वर प्रेप फी, डॉक फी (कागदपत्रांची), अमुक कोटिंग तमुक कोटिंग. आमचा ट्रेलर वॉरंटीत दुरुस्तीला दिला तो अख्खा उन्हाळा त्यांच्या मागच्या कुंपणात उभा. स्लाइड-आउट (ट्रेलरचा बाहेर सरकणारा भाग) बाहेर आला तो आत जाईना. पार्ट आला नाही, पार्ट आला नाही. शेवटी मीच मोटरचा शिअर पिन ऑनलाइन मागवून बसवला, किती सोपं होतं. अशा लोकांना मंदी चांगला धडा शिकवते.

मंजिरी_तुळस
खटपट्या, तुमचा राग बरोबर आहे पण त्यातली निम्मी कथा कारखान्याची आहे. मी एका डीलरच्या ऑफिसात अकाउंट्स बघते. वॉरंटीच्या कामाचे पैसे कारखाना देतो आणि किती तास द्यायचे ते तोच ठरवतो. टेक्निशियनला चार तास लागतात, कारखाना अडीच मान्य करतो, फोटो पाठवा, जुना पार्ट परत पाठवा, क्लेम रिजेक्ट, परत पाठवा. म्हणून सगळे डीलर स्वतःच्या खिशातून पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाचं काम आधी घेतात. बरोबर आहे असं म्हणत नाही, असं होतं एवढंच.

ओसरी, तुमच्या प्रश्नाकडे येते. तुमचा दीर सर्व्हिस मॅनेजर आहे ही या सगळ्यातली सगळ्यात चांगली गोष्ट आहे. मंदीत डीलरला जगवते ती सर्व्हिस. लोक नवीन गाडी घेत नाहीत म्हणजे जुनी चालवतात. जुन्या गाडीचं छत सील करायला लागतं, टायर, बेअरिंग, फ्रिज, एसी, फ्लोअर सडलेला निघतो. ओहायोत तर दर ऑक्टोबरला विंटरायझेशन, पाइपमधलं पाणी काढून गुलाबी अँटिफ्रीझ भरायचं, प्रत्येक नळातून गुलाबी येईपर्यंत. आणि एप्रिलला ते सगळं परत धुवायचं. त्या दोन महिन्यांत आमच्याकडे बे (दुरुस्तीला गाडी लावायची जागा) रिकामा नसतो, मंदी असो नसो. वर हिवाळ्यात गाडी ठेवायला जागा भाड्याने.

आमच्या धंद्यात एक गणित बघतात, सर्व्हिस आणि पार्ट्सचा ग्रॉस नफा दुकानाच्या कायमच्या खर्चाचा किती टक्के भाग उचलतो. भाडं, वीज, विमा, ऑफिसचे पगार वगैरे. याला ॲब्सॉर्प्शन म्हणतात. हा आकडा चांगला असेल तर सेल्सवाल्यांनी एक खराब हिवाळा काढला तरी दुकान उघडं राहतं. तो कमी असेल तर दर महिन्याला कुठली तरी गाडी तोट्यात विकून लाइटचं बिल भरायचं. दिराला हा आकडा तोंडपाठ असायला हवा, तो नसेल तर त्याच्या मालकाने त्याला कधी आतलं दाखवलेलंच नाही.

ताळेबंद
मंजिरीताईंनी लाखातलं लिहिलंय. त्यात एक भर. एफ अँड आय म्हणजे फायनान्सच्या टेबलावर विकतात ते, एक्सटेंडेड वॉरंटी, गॅप इन्शुरन्स, टायर प्लॅन. चांगल्या काळात गाडीवर सुटतं तेवढंच कधी कधी त्या टेबलावर सुटतं. पण गाडीच विकली नाही तर ते टेबल पण बंद. त्यामुळे मागच्या तीन वर्षांचा एकूण नफा बघून भुलू नका, त्यातलं किती विक्रीला चिकटलेलं होतं ते वेगळं काढा.

रिकामटेकडी
मला एक बेसिक प्रश्न. एवढे पैसे घालून ट्रेलर घ्यायचा, तो ओढायला ट्रक घ्यायचा, आणि मग जाऊन काय करायचं तर स्वतःच स्वयंपाक आणि स्वतःच भांडी? सुट्टी कुणाची झाली मग?

पाचवे_चाक
आमच्याकडे ट्रेलरमध्ये भांडी मी घासतो.

रिकामटेकडी
मग वीस वर्षांचं कर्ज अजिबात महाग नाही. वहिनींना नमस्कार.

नुसताच_वाचक
एसयूव्हीने ओढता येतो ना ट्रेलर? आमच्याकडे सात सीटर आहे, छोटा घ्यायचा विचार चाललाय. डीलर म्हणाला बिनधास्त ओढेल.

खटपट्या
डीलर कशालाही बिनधास्त म्हणतो. दाराच्या चौकटीवर पिवळं-पांढरं स्टिकर असतं त्यावर गाडीत माणसं आणि सामान मिळून किती वजन चालतं ते लिहिलेलं असतं, त्यात ट्रेलरचा पुढचा भार पण धरायचा. ट्रेलरचं रिकामं वजन बघू नका, भरलेलं बघा. बाकी वेगळा धागा काढा, मी येतो तिथे.

सुरवंट
अवांतर पुरे. मंजिरीताई, सर्व्हिसने दुकान जगतं तर मग डीलर बुडतात कशाने? सर्व्हिस तर सगळ्यांकडे आहे.

मंजिरी_तुळस
सगळ्यांकडे बोर्ड आहे, टेक्निशियन नाहीत. एकाच गाडीत प्लंबिंग, गॅस, वायरिंग, सुतारकाम, ब्रेक, छत, आणि हे सगळं येणारा माणूस मिळत नाही. मिळाला तर मंदीची चाहूल लागताच मालक पहिला त्यालाच घरी बसवतो, कारण पगाराच्या यादीत तो मोठा दिसतो. मग वसंतात कामं येतात आणि करायला कुणी नाही. हे मी डोळ्याने बघितलंय.

आणि दुसरं, ते जास्त गंभीर. रोकड आटली की मालकाला मोह होतो. गाडी विकली, गिऱ्हाइकाच्या बँकेचे पैसे आले, ते लगेच फ्लोअर प्लॅनला न भरता त्यातून पगार काढले, पुढच्या आठवड्यात दुसरी गाडी विकू आणि पहिलीचे भरू. याला 'आउट ऑफ ट्रस्ट' म्हणतात आणि यातून परत वर आलेला माणूस मला माहीत नाही.

ताळेबंद
अगदी. मी फ्लोअर चेकला जायचो ना. न सांगता सकाळी लॉटवर जायचं, हातात टॅबलेट, प्रत्येक ट्रेलरच्या डाव्या बाजूला पुढे खाली एक स्टिकर असतो त्यावरचा व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) यादीशी ताडायचा. यादीत आहे आणि लॉटवर नाही असा निघाला की विचारायचं कुठे आहे. "शोला गेलाय", "गिऱ्हाइकाकडे दाखवायला नेलाय", "दुसऱ्या लॉटवर आहे". एखादा असेल तर ठीक. चार-पाच निघाले आणि सेल्स मॅनेजर तुम्हाला कॉफी पाजायला ऑफिसात बोलवायला लागला की समजायचं. मग बँक चाव्या आणि मालकीची कागदपत्रं स्वतःकडे घेते, एक माणूस तिथेच बसवते, आणि बहुतेकदा तिथून दुकान काही आठवड्यांचं सोबती. यात मालकाची वैयक्तिक हमी असते, घरादारापर्यंत येतं, आणि फौजदारी पण होऊ शकते.

ओसरी, हमीचं विचारलंत का? तीस टक्क्यांचा पार्टनर बँकेच्या कागदावर बऱ्याचदा शंभर टक्क्यांना सही करतो.

ओसरी
बापरे. रात्री दिराशी बोलले, मग नवऱ्याशी भांडले (वेगळ्या कारणाने), आता लिहितेय.

ब्रँड दोन मोठ्या कंपन्यांचेच आहेत. सर्व्हिसला सध्या वेटिंग आहे, टेक्निशियन टिकलेत, त्यातला एक दिराच्याही आधीपासूनचा. ॲब्सॉर्प्शनचा आकडा त्याला अंदाजे माहीत होता, चांगला वाटतोय. पण एजिंग लिस्ट मालकांनी कधी दाखवलेली नाही, दिराने स्वतःच लॉटवर फिरून बघितलं तर २०२३ मॉडेलचे बरेच फिफ्थ व्हील अजून उभे आहेत. नव्या मॉडेलची किंमत कारखान्यानेच उतरवलीय म्हणे, त्यामुळे जुना महाग आणि नवा स्वस्त. गिऱ्हाईक दोन्ही शेजारी शेजारी बघतं आणि हसतं.

आणि अजून दोन गोष्टी कळल्या. जमीन आणि इमारत धंद्याच्या नावावर नाही, मालकांच्या वेगळ्या कंपनीची आहे, धंदा त्यांना भाडं देतो. ते भाडं पार्टनरशिपनंतर "बाजारभावाने" होणार. आणि सप्टेंबरला एल्कहार्टला कारखान्यांचं ओपन हाउस असतं, तिथे मालकांना भरपूर सवलत मिळवून मोठी ऑर्डर द्यायचीय. दिराच्या सहीनंतर.

सुरवंट
मी फक्त वरची माझी पहिली ओळ परत कॉपी-पेस्ट करतो.

जुनी_खोड
ओपन हाउसला जेवण फार छान असतं. हे गांभीर्याने लिहितोय, तिथे सगळं वातावरणच असं असतं की माणूस हो म्हणतो. अमुक संख्येच्या वर घेतल्या तर प्रत्येक गाडीमागे इतके परत, पहिले काही महिने व्याज कारखाना भरणार. कारखान्याला लाइन चालू ठेवायची असते, त्यांची मंदी ते डीलरच्या लॉटवर उभी करून जातात. सवलत खरी असते, पण फुकटचे महिने संपतात डिसेंबर-जानेवारीत आणि ओहायोत बर्फात ट्रेलर कोण घेतो?

मंजिरी_तुळस
म्हणून उत्तरेतले शहाणे डीलर ऑक्टोबरनंतर नवा माल जवळजवळ घेत नाहीत, वापरलेले घेतात. वापरलेली गाडी ट्रेड-इनला घ्यायची किंवा कन्साइनमेंटवर ठेवायची. कन्साइनमेंटमध्ये गाडी मालकाचीच राहते, विकली तर डीलरला कमिशन, व्याज शून्य. पाचवे_चाक सारखी माणसं हवीच असतात, त्यांना विकायचं असतं पण घाई नसते. (कर्जापेक्षा किंमत कमी असेल तर फरक आधी भरायला लागेल, तेवढं लक्षात ठेवा.)

कराचं एक सांगते, कारण यावर आमच्याकडे काही वर्षं डोकेफोड होती. २०१७ च्या कर कायद्यात मोठ्या धंद्यांच्या व्याजाच्या वजावटीवर मर्यादा आली, फ्लोअर प्लॅनला सूट दिली पण व्याख्या स्वतः चालणाऱ्या वाहनांची. म्हणजे मोटरहोमचं व्याज पूर्ण वजा आणि ट्रेलरचं नाही! इंजिन नाही म्हणून. २०२५ च्या कायद्यात ट्रेलर आणि कॅम्पर आत घेतले. छोट्या उलाढालीच्या डीलरला ती मर्यादा लागतच नव्हती, पण दिराच्या मालकांची उलाढाल मोठी असेल तर सीपीएला (तिकडचा सीए) जुने रिटर्न या नजरेने बघायला सांगा.

पाचवे_चाक
मंजिरीताई, कन्साइनमेंटचं विपू (विचारपूस, वेगळा निरोप) करतो.

ताळेबंद
ओसरी, मी सुरवंटच्या टोकाला जाणार नाही. वेटिंग असलेली सर्व्हिस आणि टिकलेले टेक्निशियन ही खरी मालमत्ता आहे. मोठ्या साखळ्या पडत्या काळात दुकानं विकत घेतात ती यासाठीच, नुसत्या लॉटसाठी नाही. २०२४ च्या शेवटी लेझीडेजने आपली काही दुकानं कॅम्पिंग वर्ल्डला विकली तशी खरेदी-विक्री चालूच असते. म्हणजे मालकांना दुसरं गिऱ्हाईक नाही असं नाही, आणि दिराला दुसरा मालक नाही असंही नाही. हे दोघांनाही माहीत आहे.

मी दिराच्या जागी असतो तर म्हटलं असतं, २०२३ चा माल तुम्ही तुमच्या तोट्यात काढा, ऑक्शनला न्या काही करा, त्यानंतरच्या ताळेबंदावर किंमत ठरवू. भाडं दहा वर्षांच्या लीजमध्ये लिहून, जमीन विकायची झाली तर आधी मला विचारायचं हे त्यात. ऑर्डरवर दोघांची सही. हमी तीस टक्क्यांपुरती, बँक मानणार नाही, पण विचारल्यावर काय म्हणते ते कळेल. हे सगळं नाही म्हणाले तर मग सर्व्हिस मॅनेजरच राहावं आणि नफ्यात हिस्सा मागावा.

सुरवंट
शेवटचं वाक्य आवडलं. हिस्सा मागा, हमी देऊ नका. एवढ्यावर मी पण हो म्हणतो.

जुनी_खोड
आणि वकील स्वतःचा. मालकाचा "आपलाच माणूस आहे" वाला नको.

ओसरी
सगळं जसंच्या तसं दिराला पाठवलं. तो ताळेबंदच्या यादीवर जरा फुरंगटला, म्हणाला मालक मुलासारखं वागवतात, असं कसं विचारू. सासूबाई म्हणाल्या मुलासारखा मानतात तर मुलाला लिस्ट दाखवायला काय हरकत आहे. त्यावर तो गप्प झाला, उद्या विचारणार आहे. ओपन हाउसची सही तरी तोपर्यंत नाही हे नक्की केलंय.

रिकामटेकडी
सासूबाईंना आयडी काढून द्या इथे.

खटपट्या
ओसरी, ते २०२३ चे फिफ्थ व्हील म्हणालात, त्यात मागे बंक असलेला आहे का एखादा? कितीला सोडतील म्हणाले? सहज विचारतोय.

ओसरी
:) विपू करते. पण डॉक फी लागेल हं.